‘बा’चा तिसरा साक्षीदार

नोकरी कसली करता, असं कुणी विचारलं की मी वर्षानुवर्षं “सरकारीच आहे काहीतरी” म्हणून वेळ मारून नेली. खरं सांगितलं असतं तर पाहुण्यांनी माझ्या नवऱ्याकडे कीव करून पाहिलं असतं. कारण मी पगार घेत होते तो लोकांच्या तोंडातून काय सुटतं याची वाट पाहत बसण्याचा. सकाळी डबा घेऊन निघायचं, बाजारात नाहीतर एसटी स्टँडवर बसायचं, आणि कान उघडे ठेवायचे. संध्याकाळी घरी यायचं. कधी एक शब्द मिळायचा, कधी नुसतं ऊन.

वऱ्हाडी बोलीचा कोश करायचं काम होतं. मुख्य कार्यालय अमरावतीला आणि आमचं उपकार्यालय अकोल्यात, जठारपेठेत एका मिठाईच्या दुकानाच्या वर. दोन खोल्या, चार कपाटं, प्रमुख म्हणून गावंडे सर आणि शब्दसंग्राहक म्हणून मी, कुसुम वानखडे. खालच्या जिलेबीच्या वासात आम्ही वऱ्हाडची भाषा गोळा करत होतो. माझ्या सगळ्या चिठ्ठ्यांना आजही तुपाचा वास येतो म्हणतात.

आमच्या कामाचा पहिला नियम असा, की सांगितलेला शब्द बाद आणि सुटलेला शब्द पास. म्हणजे “काकू, तुमच्याकडे कोथिंबिरीला काय म्हणता?” असं विचारायचं नाही. विचारलं की माणूस सावध होतो. एक तर शाळेच्या पुस्तकातला शब्द काढून देतो, नाहीतर तुमची गंमत करायला काहीतरी नवंच बनवतो. तुम्ही भाजीवालीच्या शेजारी पोतं टाकून बसायचं आणि ती आपणहून “सांबार घ्या सांबार” म्हणेपर्यंत मुकाट बसायचं. अशा तीन वेगवेगळ्या घरच्या तीन माणसांच्या तोंडून शब्द सुटला, की तो कोशात जायचा. त्या तिघांची नावं शब्दाखाली साक्षीदार म्हणून छापायची. एका घरातून एकच साक्षीदार.

दुसरा नियम माझ्या आधीच्या संग्राहकामुळे आला. त्या गृहस्थाने घरी पंख्याखाली बसून गावंच्या गावं उभी केली होती आणि सगळ्यांचे अंगठे स्वतःचेच लावले होते. अमरावतीच्या साहेबांना संशय कधी आला, तर त्यातल्या एका साक्षीदाराचं नाव आणि त्या संग्राहकाच्या सासऱ्याच्या बैलाचं नाव एकच निघालं तेव्हा! तेव्हापासून ठरलं की शब्द सुटल्यावर साक्षीदाराने आपलं पूर्ण नाव स्वतःच्या तोंडाने सांगायचं आणि ते मोबाइलमध्ये रेकॉर्ड करायचं. दुसऱ्याने सांगितलेलं नाव चालायचं नाही.

आता या नियमांनी किती छळलं ते ऐका. ‘भैताड’ हा शब्द, म्हणजे वेडपट माणूस, अख्ख्या वऱ्हाडात दिवसाला हजारदा म्हटला जातो. पण तो सुटायला समोरच्याला राग यावा लागतो. त्याचा तिसरा साक्षीदार मिळेना म्हणून मी अचलपूरच्या एसटी स्टँडवर बसले होते. तीन गाड्या आल्या, गेल्या. शेवटी एक कंडक्टर दारातून ओरडला, “ओ बाई, तीन गाड्या सोडल्या तुमी! भैताड झाल्या का?”

मी आनंदाने उठले, मोबाइल त्याच्या तोंडापुढे धरला आणि म्हटलं, “पूर्ण नाव सांगा.”

बिचाऱ्याचा चेहराच पडला. “मॅडम, मी असं काहीच नाही बोललो,” तो शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाला. “आपणांस विनंती की आपण आसनस्थ व्हावे.” मी त्याला चहा पाजला, कोश म्हणजे काय ते समजावलं, तक्रार नाही म्हणून शपथ घेतली. काही उपयोग नाही. गाडी सुटली तरी तो खिडकीतून हात जोडतच होता.

हे सगळीकडे असंच. शब्द सुटायला अडचण नव्हती, अडचण होती कबूल करायला. आपली बोली म्हणजे चुकीची बोली, हे शाळेने डोक्यात इतकं घट्ट बसवलंय की नाव सांगायची वेळ आली की माणूस आपल्याच जिभेला ओळख देत नाही. आणि एक गोष्ट सांगून टाकते, कारण ती मला टोचते. मी ज्या गावात चार-सहा खेपा जायची, तिथली माणसं मला पाहिलं की नीट बोलायला लागायची. “मॅडम आल्या, जरा चांगलं बोला.” शब्द गोळा करायला गेलेली बाई शब्द पळवून लावून यायची. कोशात जितके शब्द घातले, तितके बहुतेक मीच गावातून हुसकले असतील. याचं मला वाईट वाटतं, अजून वाटतं.

मग ‘ब’चा खंड आला आणि त्यात आला ‘बा’.

एवढासा शब्द. वऱ्हाडात बापाला बा म्हणतात, आणि बाप नसलेल्यालाही म्हणतात. काय बा, नाही बा, जाऊ दे ना बा. आम्हाला वाटलं, हा काय, रस्त्यावर पडलेला आहे. दोन साक्षीदार एका सकाळीच मिळाले. तिसरा म्हणून मी पिठाच्या गिरणीत एका माणसाला गाठलं. त्याला म्हटलं, “आत्ता तुम्ही ‘बा’ म्हणालात, पूर्ण नाव सांगा.” तो छातीवर हात ठेवून म्हणाला, “नाही बा! आमी बा नाही म्हणत. थे खेड्यातले लोक म्हणतात बा.” एका दमात तीनदा! पण त्याने नाव सांगितलं नाही. बाद.

सगळे असे पळत होते, आणि एकच माणूस साक्षीदार व्हायला हात धुऊन मागे लागला होता. त्यांचं नाव सुखदेव तायडे. बार्शीटाकळीजवळच्या एका गावचे निवृत्त कोतवाल, वय ऐंशीच्या घरात, आवाज मात्र पंचविशीतला. पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट झाली, तेव्हापासून दर गुरुवारी जठारपेठेत यायचे, जिना चढायचे आणि वहीत लिहून आणलेले शब्द माझ्यापुढे ठेवायचे.

“काका, हे नाही चालत,” मी म्हणायची. “सुटलेला शब्द लागतो.”

“मंग बसतो. सुटन तवा घ्या.”

आणि बसायचे. पण पठ्ठ्याच्या तोंडून सुटेल तर शपथ! सुटायची वाट पाहणाऱ्या माणसाच्या तोंडून काही सुटत नाही.

एकदा मी विचारलं, “काका, एवढा हट्ट कशासाठी?”

ते म्हणाले, “मॅडम, चाळीस वर्षं मी दुसऱ्याईचे नावं वरडलो. साहेबापुढं कोणाले बलवाचं असो का गावात दवंडी द्याची असो. माह्या नावानं कोनी कधी वरडलं नाही. एक डाव छापून आलेलं पाहाचं आहे, बस.”

“मतदार यादीत असेल की.”

“त्या यादीत तं मेलेल्याईचे बी रायतात!”

तेव्हाच मी मनात धरलं, की या म्हाताऱ्याचं नाव कोशात यायला पाहिजे.

इकडे अमरावतीहून पत्र आलं. तिथल्या कोश समितीवर एक डॉक्टरसाहेब होते, औषधाचे नव्हे, भाषेचे. त्यांचं म्हणणं, ‘बा’चं मूळ काय ते ठरवल्याशिवाय नोंद छापायची नाही. गावंडे सर सरळ माणूस. त्यांनी शेतीच्या फेरफाराची जाहीर नोटीस समोर ठेवली, तिच्यात फक्त नावं बदलली आणि पेपरात देऊन टाकली. ‘बा’ या शब्दाचे मूळ, मालकी अथवा वहिवाट याबाबत कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांचे आत पुराव्यासह हजर व्हावे.

मी म्हटलं, “सर, हे काय केलं?”

“मसुदा तयार होता,” सर म्हणाले.

सुनावणीच्या दिवशी जिन्यावर रांग लागली. पहिला माणूस सातबारा घेऊन आला होता. त्याला वाटलं त्याच्या वावराबद्दल आहे. समजावल्यावर म्हणाला, “म्हणजे मोजणी नाही का? मंग मी सुट्टी कायले टाकली?” सुखदेवकाका दारात उभे राहून आपणहून पुकारा करत होते. त्यांच्या आवाजाने खालचा जिलेबीवाला दोनदा वर येऊन गेला.

जठारपेठेतले कापडवाले जयंतीभाई आपल्या नव्वदीच्या आईला खुर्चीसकट उचलून घेऊन आले. “साहेब, गुजरातीत बा म्हणजे आई. हा घ्या जिवंत पुरावा.” आजींना कोणी काही सांगितलेलं नव्हतं. त्यांनी लस टोचायची म्हणून बाही वर केली आणि डोळे मिटून घेतले. टोचेपर्यंत त्या उठायला तयार होईनात. शेवटी गावंडे सरांनी त्यांच्या दंडावर पेनाच्या टोपणाने हळूच टेकवलं, तेव्हा आजी समाधानाने घरी गेल्या.

अचलपूरहून उर्दूचे रशीद सर आले होते. ते म्हणाले, “जनाब, बा फ़ारसी का है. बाअदब, बाइज़्ज़त. मतलब ‘के साथ’. आप लोग बाप को ‘के साथ’ कहते हैं, इससे अच्छी बात क्या होगी?” सगळ्यांनी मान डोलावली. बँकेचे मॅनेजर कानडी होते. त्यांच्याकडे बा म्हणजे ‘ये’. ते म्हणाले, “मी नवीन आलो होतो तेव्हा रस्त्यात कोणीही काय बा म्हणालं की मी जवळ जाऊन उभा राहायचो. लोक घाबरायचे.”

मग मी आमच्या विहारात उतरलेल्या भंतेंना पुढे केलं. ते व्हिएतनामचे. दुभाषी नव्हता, पण प्रश्न कळल्यावर त्यांनी हसून तीन बोटं वर केली. बा म्हणजे तीन. मग जरा थांबून त्यांनी मोबाइलमधला एका म्हाताऱ्याचा फोटो दाखवला, स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि पुन्हा म्हणाले, “बा.” त्यांच्या दक्षिणेकडच्या गावात वडिलांनाही बाच म्हणतात.

सुनावणीसाठी अमरावतीहून आलेले डॉक्टरसाहेब उडी मारूनच उठले. त्यांनी बरोबर आणलेला जगाचा नकाशा भिंतीवर लावला. त्यावर अमरावतीपासून चौफेर लाल बाण निघाले होते. “इथून गेला! जगातला प्रत्येक बा वऱ्हाडातून गेला!” कर्नाटकावरून जाणाऱ्या बाणाला मॅनेजरांनी हरकत घेतली. जयंतीभाई म्हणाले, आमच्या बा कुठे गेल्या नाहीत, इथंच जन्मल्या. बराच आरडाओरडा झाला.

गावंडे सर आयुष्यात क्वचितच आवाज चढवायचे. त्या दिवशी चढवला. “साहेब, दोन माणसं तोंडावळ्याने सारखी दिसली म्हणून भाऊ होत नाहीत. गुजराती आपली चुलत बहीण, फारसी लांबच्या नात्यातली, पण कानडी आणि व्हिएतनामी पार दुसऱ्या घरच्या. शब्द एवढा आखूड असला की तो कोणालाही आपापल्या घरी सापडतो. आणि बापाचा म्हणाल तर तान्ह्या लेकराचे मिटलेले ओठ उघडले की पहिल्यांदा निघणाऱ्या आवाजांतला तो एक. ते कुठल्याही देशातलं लेकरू असो. त्याला बाण कुठून काढणार?”

दारातून सुखदेवकाका म्हणाले, “लेकराले कोणी पाठवून देते का साहेब शब्द? त्याचं तोंड त्याचंच रायते.”

डॉक्टरसाहेब नकाशा गुंडाळू लागले. शेवटी त्यांनी मान्य केलं, की मुळाच्या रकान्यात ‘ठिकठिकाणी आपापला, एकमेकांशी नाते नाही’ असं लिहावं. पण जाताना अट घालून गेले. “सोमवारी खंड छापायला जातो. तिसरा साक्षीदार नसेल तर बा गाळला जाईल. नियम म्हणजे नियम.”

आणि इथेच आम्ही बुडालो. नोटिशीमुळे ‘बा’ सगळ्या अकोल्याच्या डोक्यात बसला होता. मी भाजीबाजारात पाय ठेवला की लोक ओठ मिटून घ्यायचे. एक भाजीवाली तर मला पाहून नुसत्या खुणांनी व्यवहार करायला लागली. शनिवारपर्यंत चार दिवस मी अकोल्यात फिरले आणि एक ‘बा’ मला मिळाला नाही. बापांना पोरं पप्पा म्हणत होती, आणि म्हातारेही एकमेकांना अहो-जाहो करत होते.

रविवारी सकाळी मी बार्शीटाकळीची गाडी धरली आणि तिथून सुखदेवकाकांच्या गावी गेले. शब्द त्यांच्या तोंडून सुटला तर माझा ‘बा’ वाचणार होता आणि त्यांचं नाव छापून येणार होतं. दुसरी संधी दोघांनाही नव्हती. पुढचा खंड निघेपर्यंत मी निवृत्त होणार, आणि काकांचं वय तर सांगितलंच आहे.

काका ओसरीवरच होते. मला पाहिलं आणि त्यांची घडी विस्कटली. “या बा मॅडम, बसा बा, पानी घ्या बा. मी बा तुमचीच वाट पाहून राहिलो होतो बा.”

“काका, असं नाही चालत.”

“मालूम आहे बा मले.” आणि कपाळावर हात मारला. “हे बी बाद ना?”

“बाद. मुद्दाम म्हणताय तुम्ही.”

मग आम्ही दुसरं बोलायला लागलो. कापूस, पोराची नोकरी, गावातल्या टाकीचं पाणी. काका उत्तरं देत होते, पण परीक्षेला बसल्यासारखे. प्रत्येक वाक्याआधी थांबायचे. मी त्यांना चिडवून पाहिलं, त्यांच्या जुन्या तहसीलदाराची तारीफ केली, तरीही नाही. दोन तास गेले. म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम आला. मला त्यांची दया आली आणि स्वतःचाही राग आला. एका माणसाला त्याच्याच घरात बोलायची चोरी करून ठेवली होती मी.

तेवढ्यात आतून त्यांची बायको कौसल्याकाकू चहाचे कप घेऊन आली. आम्हा दोघांचे चेहरे पाहून ती नवऱ्यावर खेकसली, “काहून त्या बाईले सकाळपासून पकडून ठेवलं? तिले च्या तं पिऊ द्या ना बा!”

मी कप हातात घेतला होता, तो तसाच राहिला. सुटला होता. अगदी स्वच्छ, अगदी खरा. मी काकांकडे पाहिलं. त्यांनीही ऐकला होता.

एका घरातून एकच साक्षीदार. काकूचं लिहिलं की काकांचं संपलं. मला ऐकू आलंच नाही असं करता आलं असतं. तसं करून संध्याकाळपर्यंत बसायचा विचार माझ्या मनात आला, हे मी इथे कबूल करते.

“मॅडम,” काका म्हणाले, “सुटला. मी बी ऐकला. लिहा तिचं.”

“काका, पण तुमचं...”

“मी कोतवाल होतो. हजर असलेल्याले गैरहजर नाही म्हणलं कधी. लिहा.” आणि ते भिंतीकडे पाहायला लागले.

मी मोबाइल काढला. “काकू, तुमचं पूर्ण नाव सांगा.”

“कौसल्या.”

“पूर्ण.”

“तायडे.”

“मधलं, काकू. कौसल्या, मग काकांचं नाव, मग तायडे.”

काकूने पदर ओढून तोंडावर घेतला. “थे तुमाले मालूम आहे ना. लिहा तुमी.”

“तुमच्याच तोंडून लागतं. नाहीतर बाद.”

“मी नाव नाही घेत त्याईचं.”

“कधीच नाही?”

“कायले घ्याचं? ओ म्हणलं का येतात.”

“लग्नात तरी घेतलं असेल.”

“तवा मी लाजली. माह्या वतीनं जाऊबाईनं घेतलं.”

साठ वर्षं! मग मला एकदम सुचलं. “काकू, साक्षीदाराचं नाव जसंच्या तसं छापतात. तुमचं नाव पुस्तकात येईल, तेव्हा मधात काकांचंही येईल. पण तुम्ही घेतलं तरच.”

काका भिंतीकडून वळले.

काकूने पदराच्या आडून विचारलं, “म्हणजे याईचं बी छापून येते?”

“येते.”

“माह्या नावात?”

“तुमच्या नावात.”

शेजारची बाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली, तिला काकांनी हातानेच गप्प केलं. काकूने एकदा घसा साफ केला, मग परत केला. पाठ आमच्याकडे केली, कपाळ दाराच्या चौकटीला टेकवलं, आणि दवाखान्यात सुई घेताना घ्यावा तसा श्वास घेतला.

“कौसल्या,” ती म्हणाली. थांबली. “सुखदेव. तायडे.”

मी बटण दाबून रेकॉर्डिंग बंद केलं. नोंद झाली होती, ‘बा’ वाचला होता, आणि काकांचं नाव छापून येणार होतं. मी काकांकडे वळून तेच सांगणार होते, पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते उठून उभे राहिले होते आणि बायकोच्या पाठीकडे पाहत होते.

“अजून एक डाव म्हण,” ते म्हणाले.

“आता कायले?” काकू आत जाता जाता म्हणाली. “पुस्तकात वाचा.”